ओळी पाचशे, मराठी कुठे?

२०१६ च्या नोव्हेंबरात गूगलने आपल्या भाषांतर-सेवेचे अंतरंग बदलायला घेतले. वाक्याचे तुकडे पाडून त्या तुकड्यांची आकडेवारीच्या आधारे जुळणी करणारी जुनी रचना मागे पडली आणि तिच्या जागी न्यूरल नेटवर्कची रचना आली. सुरुवात मोजक्या भाषांपासून झाली. मराठी तीत २०१७ च्या एप्रिलमध्ये दाखल झाली. या बदलाविषयी गूगलचे जेफ डीन यांनी जाहीरपणे सांगितलेला एक आकडा पुढे बराच फिरला. जुन्या व्यवस्थेतल्या सुमारे ५,००,००० ओळींच्या कोडचे काम नव्या व्यवस्थेत सुमारे ५०० ओळी करतात, असा तो आकडा होता.

हजारास एक! हे प्रमाण ऐकून एखादा म्हणतो, म्हणजे ही यंत्रे आतून फारच सोपी झाली. आमच्या महाविद्यालयातला हुशार विद्यार्थीही असे काही महिनाभरात लिहील. दुसरा म्हणतो, पाचशे ओळींत भाषांतर मावत असेल तर बाकीचे कुठेतरी लपवलेले असणार. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघेही ओळींच्या आकड्याला भलतेच वजन देतात. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या भाषासंस्था, विद्यापीठांचे मराठी विभाग, ग्रंथालये यांच्यापुढे आता अक्षरओळखीची, शुद्धलेखन-तपासणीची, भाषांतराची सॉफ्टवेअर येऊ लागली आहेत. सादरीकरणात कोणी ‘इतक्या लाख ओळींचे आमचे स्वतःचे कोड’ असे अभिमानाने सांगतो, तर कोणी तेच ‘अगदी आटोपशीर’ म्हणून खपवतो. निवड-समितीत बसलेल्या भाषेच्या अध्यापकाने यातले काय मोजावे आणि कशाने दबून जाऊ नये, हे पाहण्यासाठी हा लेख आहे.

ओळी मोजण्याची सवय संगणकशास्त्राइतकीच जुनी आहे आणि तिच्याविषयीची कुरकुरही. एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ मध्ये म्हटले होते की कोडच्या ओळी मोजायच्याच असतील तर त्या कमाईच्या बाजूला न लिहिता खर्चाच्या बाजूला लिहाव्यात. १९८२ च्या सुमारास अॅपल कंपनीत प्रत्येक अभियंत्याने आठवड्यात किती ओळी लिहिल्या ते तक्त्यात भरायचे फर्मान निघाले. बिल अॅटकिन्सन यांनी त्या आठवड्यात आपल्या चित्ररेखनाच्या कोडची फेरमांडणी करून ते लहान आणि वेगवान केले होते. त्यांनी तक्त्यात ‘उणे २०००’ लिहून दिले. तक्ता भरण्याची सक्ती त्यांच्यापुरती लवकरच थांबली, असे त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नोंदवले आहे.

शिवाय ‘ओळ’ म्हणजे तरी काय? रिकाम्या ओळी धरायच्या की नाही, टिपा धरायच्या की नाही, तीन आज्ञा एका ओळीत कोंबल्या तर एक मोजायची की तीन? कवितेच्या ओळीला निदान छंदाचे बंधन असते.

यावर उतारा म्हणून टॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये दुसरे माप सुचवले. ओळी न मोजता कोडमधले फाटे मोजावेत: ‘असे असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ असे निर्णय आणि आवर्तने जितकी, त्यात एक मिळवला की त्या भागाची गुंतागुंत निघते. एका भागात हा आकडा दहाच्या वर जाऊ देऊ नये, असा त्यांचा सल्ला होता. माप शहाणपणाचे आहे. फाटे जितके जास्त, तितके वाचणाऱ्याला डोक्यात धरून ठेवावे लागते आणि तितक्या वाटा तपासाव्या लागतात.

हे माप मराठीवर लावून पाहू. समजा, शब्दाचे सामान्यरूप करून देणारा प्रोग्राम हाताने लिहायचा आहे. पुल्लिंगी आकारान्त नामाचा ‘या’ होतो: घोडा, घोड्याला; पंखा, पंख्याला. लगेच फाटा फुटतो, कारण काका, मामा, राजा यांचे तसे होत नाही. ईकारान्त माळी ‘माळ्याला’ होतो, हत्ती मात्र ‘हत्तीला’ राहतो. ऊकारान्तांत लिंबू ‘लिंबाला’, भाऊ ‘भावाला’, गहू ‘गव्हाला’, गुरू मात्र ‘गुरूला’. लाडूला तर ‘लाडवाला’ म्हणणारे आणि ‘लाडूला’ म्हणणारे दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम. अकारान्त स्त्रीलिंगात भिंतीला आणि वाटेला यांतला फरक शब्दाच्या रूपावरून सांगताच येत नाही. शब्द माहीत असावा लागतो. प्रत्येक अपवादागणिक प्रोग्राममध्ये एक फाटा वाढतो. मॅककेबचा दहाचा आकडा पहिल्या दुपारीच ओलांडला जाईल. पण अशा प्रोग्रामचा एक मोठा गुण आहे. त्याने उद्या ‘काक्याला’ असे रूप दिले तर चूक नेमक्या कोणत्या ओळीत आहे हे शोधता येते आणि ती ओळ दुरुस्त करता येते.

मशीन लर्निंगच्या प्रोग्राममध्ये सामान्यरूप नावाची गोष्टच नसते. शब्दांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासाठी संख्यांची एक रांग घ्यायची, त्या रांगांना संख्यांच्या मोठमोठ्या कोष्टकांनी गुणायचे, बेरजा करायच्या, पुन्हा गुणायचे. असे थरावर थर झाल्यानंतर पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते काढायचे. काही आवर्तने आणि मोजक्या अटी एवढ्यात सगळे आटोपते. मॅककेबच्या मापाने असे कोड सामान्यरूपाच्या प्रोग्रामपेक्षा कितीतरी सोपे ठरेल. वाचायला ते सोपे असतेही. मात्र त्याने ‘काक्याला’ म्हटले तर दुरुस्त करायला ओळच नसते. घोडा आणि काका यांतला भेद त्या कोष्टकांत, लाखो संख्यांमध्ये पसरलेला असतो.

हे किती टोकाला जाते, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण आंद्रे कार्पथी यांनी २०२३ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध केलेला ‘लामा-२.सी’ हा प्रोग्राम आहे. मेटा कंपनीने त्याच महिन्यात खुल्या केलेल्या ‘लामा २’ या भाषा-प्रारूपाची रचना चालवण्याचे सगळे काम सी भाषेतल्या एकाच फाइलमध्ये, सुमारे ७०० ओळींत बसवले आहे. छापली तर ती वीसएक पाने होतील. संगणकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी ती आठवड्याभरात समजून घेऊ शकतो.

आता या ७०० ओळींना एक लहान प्रारूप जोडले, तर ती लहान मुलांच्या इंग्रजी गोष्टी रचते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन-चार वर्षांच्या मुलाला कळतील एवढ्याच शब्दांत, मोठ्या प्रारूपांकडून लिहून घेतलेल्या कृत्रिम गोष्टींच्या संग्रहावर ते प्रारूप शिकवले आहे. त्यात सुमारे दीड कोटी संख्या आहेत. फाइल साधारण ६० एमबीची. त्या मुलांच्या गोष्टींपलीकडचे काही विचारले तर ते गोंधळते. त्याच ७०० ओळींना, एक अक्षरही न बदलता, ‘लामा २’चे सर्वांत लहान प्रारूप जोडले की ती इतिहासाविषयी बोलू लागते, कविता जुळवते. ही फाइल २५ जीबीहून मोठी आहे. तिच्यात ६७० कोटींहून अधिक संख्या आहेत. एका पानावर ५०० या हिशेबाने त्या छापायच्या ठरवल्या तर सव्वा कोटीहून जास्त पाने लागतील.

कोड तेच, लांबी तीच, फाटे तेवढेच. एक बालवाडीची गोष्ट सांगते, दुसरे जगभरच्या गप्पा मारते. कोडची लांबी मोजून या दोहोंतला फरक कधीच सापडणार नाही.

मोजायच्याच तर मग या संख्या मोजाव्यात का? तेही सरळ नाही. आंद्रे कोल्मोगोरोव या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. एखादी गोष्ट पुन्हा जशीच्या तशी निर्माण करू शकेल अशा सर्वांत लहान प्रोग्रामची लांबी हीच त्या गोष्टीची गुंतागुंत, असे तिचे सार आहे. या न्यायाने यंत्राचे पूर्ण वर्णन करायचे तर ७०० ओळींबरोबर त्या कोट्यवधी संख्याही वर्णनात धराव्या लागतात. पण कार्पथी यांच्याच दुसऱ्या फाइलमध्ये प्रत्येक संख्या ४ बाइटऐवजी साधारण १ बाइटात ठेवण्याची सोय आहे. फाइल जवळजवळ चतुर्थांश होते आणि वागणूक फारशी बदलत नाही. म्हणजे त्या २५ जीबींतही बरीच जागा हवेची होती. आकार आणि आशय यांचे नाते इथेही सैलच आहे.

साहित्याच्या आणि भाषाशास्त्राच्या वाचकाला ही विभागणी ओळखीची वाटावी. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रे आहेत आणि तिच्या संक्षेपाचे कौतुक आपण शतकानुशतके करत आलो. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, असे परंपरा गमतीने सांगते. परंतु ही सूत्रे एकटी चालत नाहीत. सुमारे २००० धातूंची यादी धातुपाठात वेगळी ठेवलेली आहे, एकसारखे वागणारे शब्द गणपाठात वेगळे ठेवले आहेत. सूत्र फक्त गणातला पहिला शब्द घेऊन ‘इत्यादी’ म्हणते आणि मोकळे होते. संक्षेपाचे दुसरे साधन अनुवृत्ती. आधीच्या सूत्रातले पद पुढच्या सूत्रांत न उच्चारता वाहत येते, त्यामुळे एखादे सूत्र दोन शब्दांचे दिसते, पण त्याचा अर्थ लावायला मागची दहा सूत्रे हाताशी लागतात. मराठीत महानुभावांच्या सूत्रपाठाचेही असेच आहे. चक्रधरांचे वचन लहान. ते कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ जोडीला घेतल्याशिवाय ते नीट उलगडत नाही.

मशीन लर्निंगच्या कोडमधला धातुपाठ आपण पाहिला. त्याची अनुवृत्ती म्हणजे कोडच्या डोक्यावर असणारी ‘अमुक लायब्ररी आयात करा’ ही ओळ. कार्पथी यांच्याच ‘नॅनो-जीपीटी’ या प्रकल्पात प्रारूपाची रचना सुमारे ३०० ओळींत आणि ते शिकवण्याची प्रक्रिया आणखी सुमारे ३०० ओळींत आहे. ओपन-एआयचे २०१९ मधले ‘जीपीटी-२’ त्यावर नव्याने घडवता येते. हे शक्य होते ते पायटॉर्च या लायब्ररीमुळे. चूक किती झाली ते पाहून प्रत्येक संख्या किती आणि कोणत्या दिशेने सरकवायची, हे कलनशास्त्राचे सगळे कष्ट ती लायब्ररी पडद्याआड करते. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी तेच काम कोणत्याही लायब्ररीविना सी भाषेत करून दाखवले, तेव्हा ओळी सुमारे १००० झाल्या. ओळी वाढल्या आणि ओझे कमी झाले. कारण २४५ एमबीचे पायटॉर्च आणि १०७ एमबीचे पायथन आता लागत नाही, असे प्रकल्पाच्या पहिल्याच वाक्यात म्हटले आहे. तेव्हा सहाशे ओळींचा प्रोग्राम मोठा की हजार ओळींचा? मला विचाराल तर पहिला मोठा. ग्राफिक्स प्रोसेसरवर वेगाने चालवायचे म्हटले की कोड पुन्हा फुगते, ही गोष्ट वेगळी.

ओळींनाच ध्येय करून टाकले तर काय होते, याचा धडा ‘टायनीग्रॅड’ या लायब्ररीने दिला आहे. जॉर्ज हॉट्झ यांनी २०२० मध्ये ती सुरू केली ती एक हजार ओळींच्या आत राहण्याच्या निश्चयाने. विचार चांगला होता. अवाढव्य लायब्रऱ्यांत कोणालाच सगळे वाचता येत नाही. हजार ओळी एक माणूस वाचू शकतो. नवनवी यंत्रे चालवायची गरज वाढली तशी मर्यादा पुन्हापुन्हा वाढवावी लागली. मधल्या काळात मर्यादेत बसण्यासाठी ओळी लांब आणि दाट झाल्या, नावे आखूड झाली, असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला. तरीही मी मर्यादेची थट्टा करणार नाही. ‘हे कोड माणसाने वाचायचे आहे’ ही जाणीव तिने जागी ठेवली आणि ती जाणीव या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

आतापर्यंत आपण प्रारूप आणि त्याखालच्या लायब्रऱ्या पाहिल्या. प्रत्यक्ष वापरातल्या व्यवस्थेत मात्र या दोहोंभोवती आणखी बरेच काही असते: डेटा गोळा करणे, गाळणे, तपासणे, जोडणे, देखरेख. गूगलमधल्या डी. स्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या एका लेखात याचे चित्र आहे. मधोमध एक छोटी काळी चौकट म्हणजे मशीन लर्निंगचे कोड, भोवती मोठमोठ्या चौकटी. जुन्या, मुरलेल्या व्यवस्थेत मशीन लर्निंगचे कोड फार तर ५ टक्के आणि सांधेजोडीचे कोड निदान ९५ टक्के असू शकते, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक त्रासदायक आहे. अशा व्यवस्थेत काहीही बदलले की सगळेच बदलते. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका खोलीची डागडुजी शेजारच्या खोलीला कळत नाही. इथे भिंतीच नसतात. ‘काका’ सुधारण्यासाठी नवी वाक्ये देऊन प्रारूप पुन्हा शिकवले, तर ‘पंखा’ बिघडला नाही ना, हे वेगळे पाहावे लागते.

त्या ९५ टक्क्यांतली एकच ओळ मराठीचे किती नुकसान करू शकते ते पाहा. जालावरून गोळा केलेला मजकूर स्वच्छ करताना ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ अशी एक ओळ सर्रास लिहिली जाते. इंग्रजीत तिने काही बिघडत नाही. मराठीत आचाऱ्यांना आणि आचार्यांना हे दोन वेगळे शब्द आहेत. एक स्वयंपाकघरातला, दुसरा पाठशाळेतला. पहिल्यातला ‘ऱ्य’ संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत र, हलन्त आणि य यांच्यामध्ये शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह असते. ते अदृश्य म्हणून काढले, की सगळे आचारी आचार्य होतात आणि सह्याद्रीच्या दऱ्या दर्या बनून समुद्राला मिळतात. दुसऱ्या रीतीत स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात. युनिकोड त्याला ‘र अधिक नुक्ता’ असेही मानते. त्यामुळे हिंदीसाठी लिहिलेली ‘अक्षर आणि नुक्ता सुटे करून नुक्ते काढा’ ही ओळ मराठी मजकुरावरून फिरली की तीही हेच करते. प्रारूपाने मग कितीही संख्या बाळगल्या तरी हा भेद त्याला कधी दाखवलाच गेलेला नसतो.

आमच्यासारख्या सीमाभागांत आणखी एक चाळणी महत्त्वाची ठरते. मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे ठरवणारा प्रोग्राम आधी बसतो. गोव्यात कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात. मराठी कथेतला मालवणी संवाद कोकणी समजून वगळला गेला, किंवा बेळगावकडच्या बोलीतला परिच्छेद ‘अशुद्ध’ म्हणून गाळला गेला, तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. चाळणीचे कोड पन्नास ओळींचे असेल. अहवालात त्याचा उल्लेखही नसेल.

म्हणून समितीपुढे सॉफ्टवेअर आले की पहिला प्रश्न ओळींचा नको. या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नेमकी कुठे आहे, हे विचारावे. टेसरॅक्ट या खुल्या अक्षरओळख-सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. त्याचे सी++ मधले इंजिन सर्व भाषांना एकच आहे. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कवर चालते. ते मराठी वाचते ते ‘मार’ या आद्याक्षरांची शिकवलेली फाइल जोडल्यावर. हाच प्रश्न पुढे नेला की ‘खुले’ या शब्दाचेही वजन करता येते. लामा २ चालवण्याचे कोड मिळते, कोष्टके मिळतात. पण ज्या सुमारे २ लाख कोटी शब्द-तुकड्यांवर ते शिकले तो मजकूर मेटाने जाहीर केलेला नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाने २०२३ मध्ये ‘इंडिकट्रान्स२’ हे भाषांतर-प्रारूप प्रसिद्ध केले, तेव्हा कोड आणि कोष्टकांबरोबर सुमारे २३ कोटी वाक्यजोड्यांचा संग्रहही खुला केला; मराठी आणि कोकणी यांसह बावीस अनुसूचित भाषांसाठी. त्यातले मराठी वाक्य आपण उघडून वाचू शकतो, त्यातली चूक दाखवू शकतो. कोड उद्या कोणीही नव्याने लिहील. संग्रह तसा होत नाही; त्याला भाषा बोलणारी, वाचणारी माणसे लागतात.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. ‘काक्याला’ आले तर कुठे हात घालणार, किती दिवस लागतील, आणि त्या दुरुस्तीने बाकीचे बिघडले नाही हे कशावरून ठरवणार? यावर उत्तर म्हणून तपासणीच्या वाक्यांची यादी पुढे आली तर सॉफ्टवेअर करणाऱ्याने काम केले आहे असे समजावे. यादी नसेल तर ती आपण द्यावी. घोडा, काका, हत्ती, गहू, भिंत, वाट यांची रूपे, आचारी आणि आचार्य, दऱ्या आणि दर्या, लाडवाची दोन्ही रूपे, मालवणी आणि बेळगावी बोलीतली दहा-दहा वाक्ये; दोनशे नोंदी पुरेत. ही यादी करारातच जोडावी आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा चालवावी.